परतीच्या नळीवरचं तापमान

बाईंचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता आणि बोलताना त्या काहीतरी चघळत होत्या. फोन तेलाची तपासणी करणाऱ्या लॅबमधून होता. गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाच्या, दंतवैद्याच्या गाडीतलं वापरलेलं इंजिन ऑइल मास्तरने बाटलीत भरून पाठवलं होतं. म्हणजे हौस दंतवैद्याची, मास्तरला त्यात काही राम वाटत नव्हता. तेल बघायचं तर दोन बोटांत चोळून बघावं, नाकाला लावावं, त्यासाठी बाटल्या कसल्या पाठवायच्या? बाई म्हणाल्या, तेल करपलंय. घट्ट झालंय, आणि त्यात बेअरिंगचा धातू उतरलाय. एकशे चाळीस अंशांच्या वर बराच वेळ राहिलेलं तेल असं दिसतं. "शक्यच नाही," मास्तर म्हणाला, "काटा नव्वदच्या वर गेलेलाच नाही. मोठा कूलर मी स्वतः बसवलाय त्या गाडीला." "हो का?" बाई म्हणाल्या, आणि त्यांचं चघळणं थांबलं. "तापमान मोजता कुठं तुम्ही?" कुठं म्हणजे काय, असं त्याने जरा तोऱ्यातच विचारलं. "म्हणजे सेन्सर कुठं लावलाय? खाली तेलाच्या चेंबरला, की कूलरच्या नळीवर?" "परतीच्या नळीवर." "अच्छा," बाई म्हणाल्या. बस, एवढंच. रिपोर्ट पाठवते म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो अच्छा त्याच्या कानात अडकून बसला. बाईंनी सरळ अक्कल काढली असती तर त्याने दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपवला असता. मास्तर म्हणून तो उगाच ओळखला जात नव्हता. समोरच्याला फळ्यासमोर उभं केल्यासारखं समजावून सांगायची त्याला खोडच होती, आणि वेगाच्या गाड्या पाळणारे हौशी लोक ते निमूट ऐकून घेत. तर गोष्ट साधी आहे. तापलेलं तेल इंजिनातून निघतं, एका नळीने गाडीच्या नाकाशी बसवलेल्या कूलरमध्ये जातं, तिथं वारा खातं, आणि दुसऱ्या नळीने निवून परत येतं. या परत येणाऱ्या नळीवर मास्तर सत्तावीस वर्षं सेन्सर लावत आला होता. बाकीचे तो खाली चेंबरला लावतात. चेंबरला लावला की वायर खालून लोंबते, रस्त्यावरचा खडा लागून तुटते, आणि दिसतं गबाळं. त्याने परतीच्या नळीसाठी पितळेचा एक सांधा स्वतः लेथवर कातून बनवला होता, चपखल, पॉलिश केलेला, वायर दिसू न देणारा. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला गॅरेज दाखवायला आणलं तेव्हा त्याने तिला गाड्या दाखवल्या नाहीत, हा सांधा दाखवला. ती म्हणाली, छान आहे, नळासारखा. त्यावर तो दोन दिवस गप्प होता. शिवाय तिथला आकडा कसा गोड यायचा! इतरांच्या गाड्या एकशे दहा, एकशे पंधरा दाखवत आणि मास्तरच्या नव्वद. मास्तरच्या हातची गाडी थंड चालते, असं लोक बोलायला लागले, आणि लोक बोलायला लागल्यावर तोही ते खरं मानायला लागला. निवलेल्या तेलात थर्मामीटर बुडवून तेल निवलंय म्हणायचं, यात कसली आलीय करामत? हे वाक्य त्याच्या डोक्यात बाईंच्या सर्दीच्या आवाजात उमटलं, आणि बाई तर असं काही म्हणाल्याच नव्हत्या.

पंधरा दिवसांपूर्वी दंतवैद्य ट्रॅकवरून परस्पर गॅरेजला आला होता, केस घामाने चिकटलेले, चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद. "मास्तर, मानलं तुम्हाला," तो म्हणाला होता, "तासभर हाणली गाडी. काटा जो नव्वदवर बसला तो हललासुद्धा नाही." "मग! काम कुणाचं आहे," असं म्हणून मास्तरने हात पुसले होते. त्या वेळी कानाला काही खटकलं नाही, आता फोन हातात धरून बसल्यावर खटकलं. हललासुद्धा नाही. असं त्याला आणखी एका माणसाने सांगितलं होतं, चौदा वर्षांपूर्वी, आणि तो माणूस त्याचा धाकटा भाऊ होता. शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या ऑफिसातली ती खोली त्याला इतकी स्वच्छ दिसली की त्याने खुर्ची मागे सरकवली. लांब टेबल, पाण्याचा जग, त्यावर झाकण म्हणून ठेवलेली बशी. टेबलापलीकडे चौकशी समितीचे पाच जण, अलीकडे धाकटा. त्याने अंगात मास्तरचा शर्ट घातला होता, कारण त्याच्याकडे असल्या प्रसंगाला घालण्यासारखा एकही शर्ट नव्हता, आणि खांदे खाली उतरले होते. शर्यतीच्या शेवटून तिसऱ्या फेरीत धाकट्याच्या गाडीचं इंजिन फुटलं होतं. बेअरिंग वितळलं, आतला रॉड इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला, सगळं तेल रस्त्यावर सांडलं, आणि मागून येणारी गाडी त्या तेलावरून घसरून भिंतीवर गेली. ती चालवणाऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्याचा डावा पाय घोट्यापासून काढावा लागला. तेल इतकं तापेपर्यंत गाडी पळवत कशी ठेवली, एवढाच समितीचा प्रश्न होता. काटा बघत होतास की नाही? "बघत होतो," धाकटा म्हणाला. "प्रत्येक फेरीला, सरळ रस्ता लागला की बघायचो. नव्वदवर होता. हललासुद्धा नाही."

मग अध्यक्ष मास्तरकडे वळले होते. गाडी तुम्ही बांधलीत, तुमचं काय म्हणणं? सांगता येत नाही, असं तो म्हणू शकला असता. मीटर तपासून बघावा लागेल, असंही म्हणता आलं असतं, आणि कुणी त्याचा एक केससुद्धा वाकडा केला नसता. पण त्याला फळा दिसला. "साहेब," तो म्हणाला, "धावत्या गाडीत काटा हलत नाही असं कधी होत नाही. गाडी रेटली की चढतो, सोडली की उतरतो. काटा हललाच नाही असं जो म्हणतो, त्याने काटा पाहिलाच नाही." समितीतला एकजण हसला. अध्यक्षांनी ते वाक्य लिहून घेतलं, आणि लिहून घेताना मान डोलावली, आणि मास्तरला खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटलं. आपण चांगलं बोललो असं वाटलं. धाकटा चिडला नाही. त्याने नुसतं थोरल्या भावाकडे पाहिलं. लहानपणी गणिताचं उत्तर चुकलंय असं सांगितलं की तो असाच बघायचा, आणि मग बोटांवर पुन्हा मोजायला लागायचा. चुकलेलं नसलं तरी मोजायला लागायचा. त्याचं शर्यतीचं लायसन्स कायमचं गेलं. मास्तरचं गॅरेज राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दंतवैद्याची गाडी वर उचलली आणि चेंबरच्या नटाच्या जागी दुसरा सेन्सर बसवला, सत्तावीस वर्षं गबाळा म्हणून टाळलेला. वायर टेपने चिकटवून आत घेतली, एक जादा मीटर पुठ्ठ्यात भोक पाडून डॅशबोर्डवर उभा केला, आणि गाडी शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला काढली. पहिली दहा मिनिटं दोन्ही काटे शहाण्या भावंडांसारखे बरोबर चढत होते. मग परतीच्या नळीचा काटा नव्वदला थांबला आणि पुठ्ठ्यातला चढत राहिला. शंभर. एकशे पंधरा. मास्तरने गाडी आणखी रेटली, दात आवळून, जणू काट्याला दरडावून खाली बसवता येईल. एकशे अठ्ठावीस. एकशे अडतीस. दुसरा काटा नव्वदवर ढिम्म, एखाद्या सरकारी माणसासारखा, बाजूला आग लागली तरी आपल्या खिडकीत बसलेला. त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. इंजिन निवताना आतून टकटक आवाज येत होता. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याने गाडी हलत होती. त्याला सगळं कळलं होतं, त्या बंद गाडीतच, एकही भाग सुटा न करताच. फिल्टरच्या बुडाशी थर्मोस्टॅटची छोटी झडप असते. तेल थंड असेपर्यंत ती कूलरची वाट अडवते, तेल तापलं की वाट मोकळी करते. ती झडप बंद अवस्थेत अडकली की तेल कूलरकडे जातच नाही, इंजिनातल्या इंजिनात फिरून शिजत राहतं. नळीत जातो तो नुसता पाझर. त्या पाझराला समोरून वारा लागतो, आणि मास्तरचा सुबक पितळेचा सांधा त्या पाझराचं तापमान सांगत बसतो. नव्वद, नव्वद, नव्वद. हलेल कशाला?

म्हणजे काटा खरंच हलला नव्हता. धाकट्याने पाहिला होता, प्रत्येक फेरीला, आणि जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं. हलत नसलेला काटा हाच त्या बिघाडाचा पुरावा होता. त्या खोलीत तो पुरावा ओळखू शकेल असा एकच माणूस बसला होता, आणि त्याने त्याच पुराव्यावरून भावाला खोटं पाडलं. चूक झाली, असं मास्तर मोठ्याने म्हणाला. चुका होतात. कामाच्या माणसाकडूनच होतात. हे बोलायला बरं वाटलं म्हणून त्याने पुन्हा एकदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याला पातेलं आठवलं.

त्याची एक रीत होती, सगळ्या बाजारात चेष्टेचा विषय झालेली. थर्मोस्टॅट नवा असो की जुना, तो तारेला टांगायचा, स्टीलच्या पातेल्यात जुनं तेल तापवायचं, त्यात तो सोडायचा, आणि किती अंशांवर झडप उघडते ते पाहून चिकटपट्टीवर लिहायचं. तपासल्याशिवाय एकही थर्मोस्टॅट त्याच्या हातून गाडीत गेला नाही आणि एकही कचऱ्यात गेला नाही. एक सोडून. धाकट्याचं फुटलेलं इंजिन त्याने चौकशीच्या आदल्या दिवशी खोललं होतं. सगळं काळं पडलं होतं, करपलेल्या तेलाचा कडू वास गॅरेजभर भरला होता, नंतर आठवडाभर तो कपड्यांतून गेला नाही. थर्मोस्टॅट त्याच्या हातात होता. पातेलं गॅसवर होतं. आणि मग बायकोने जेवायला हाक मारली, तो उठला, नंतर ते राहूनच गेलं. चौदा वर्षं त्याच्या आठवणीत हे असं होतं. हाकसुद्धा ऐकू येत होती, वरच्या खिडकीतून आलेली, थोडी वैतागलेली.

त्या दिवशी दुपारी त्याने दंतवैद्याच्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून पातेल्यात सोडला. एकशे तीसपर्यंत तापवलं तरी झडप उघडली नाही. तो तसाच वर घरी गेला. बायको टेबलाशी मटार सोलत होती. पलीकडच्या खोलीत आई झोपली होती, तिचा रेडिओ कुणासाठी तरी बोलत होता. "धाकट्याचं इंजिन मी खोललं तो दिवस आठवतो का गं तुला?" त्याने विचारलं. "तू जेवायला हाक मारलीस, आणि माझं एक काम अर्धवट राहिलं." बायकोने मान वर न करता म्हटलं, "मी कुठली हाक मारतेय? मी इथं होते का तेव्हा? ताईचं ऑपरेशन नव्हतं का? अपघाताच्या आधीपासून आठ दिवस तिच्याकडेच होते मी. तुम्हीच नाही का फोनवर रडत होतात, ब्रेडवर दिवस काढतोय म्हणून." "मग आईने मारली असेल." "आई तरी इथं कुठं होत्या तेव्हा? त्या धाकट्या भावजींकडे होत्या, अपघातात भावजींच्या हाताला लागलं होतं म्हणून. घरात कुणी नव्हतं. का, काय झालं?" काही नाही, तो म्हणाला. एक दाणा उडून त्याच्या पायाशी आला, तो त्याने उचलून भांड्यात टाकला. घरात कुणी नव्हतं. मग गॅस कुणी बंद केला? त्याला आता स्वतःचा हात दिसत होता, बटण फिरवणारा, नखांत काळं तेल असलेला. पातेल्यात बुडबुडे यायला लागले होते. अजून पाच मिनिटं, आणि झडप उघडते की नाही ते कळलं असतं. त्याला कळायला नको होतं. उद्या समितीपुढे जायचं होतं, त्याने बांधलेल्या गाड्या सहा जणांकडे होत्या, आणि त्याला भीती वाटली होती. चूकबीक नव्हती ती. त्याने गॅस बंद केला, थर्मोस्टॅट चिंधीत गुंडाळला, आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या कचरापेटीत नेऊन टाकला, गॅरेजच्या पेटीत नाही. चौदा वर्षं एक वैतागलेली हाक या सगळ्यावर झाकण घालून बसली होती, आणि ती हाक त्याने घरी बनवलेली होती, त्या सांध्यासारखीच, चपखल.

धाकटा दर रविवारी येतो. आईची नखं कापतो, तिला खालच्या बागेत फिरवून आणतो, वहिनीची चेष्टा करतो, आणि थोरल्या भावाशी हवापाण्याचं बोलून जातो. भांडण कधी झालंच नाही, झालं असतं तर मिटलं तरी असतं. तो एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. ताशी दोनशेने गाडी नेणारा माणूस चौदा वर्षं वीसच्या वेगाने डाव्या सीटवर बसून आहे, पायाखाली एक जादा ब्रेक, आणि दिवसभर म्हणतोय, आरसा बघा, क्लच हळू सोडा. लग्न केलं नाही. एक ठरत आलं होतं, पण त्या मुलीच्या वडिलांनी चौकशी केली, आणि चौकशीत समितीचा निकाल निघाला. आणि घरात त्या वाक्याचं काय झालं होतं? त्याची थट्टा झाली होती. दूध उतू गेलं की बायको म्हणायची, लक्ष होतं ना माझं, हललंसुद्धा नाही. टीव्हीचा रिमोट सापडत नसला की मुलगी म्हणायची, मी इथंच पाहिलाय, हललासुद्धा नाही. सगळे हसायचे. धाकटाही हसायचा. आई तर चांगल्या मनाने सांगायची, माझं बाळ लहानपणापासून थोडं बनवून सांगतं, पण मनाचं चांगलं आहे हो. हे आईला कुणी शिकवलं? मास्तरने. एकदाच, आणि फार वाईट वाटतंय अशा आवाजात.

तीन दिवस तो दंतवैद्याच्या गाडीचा थर्मोस्टॅट खिशात घेऊन फिरला. सांगायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. न सांगण्याची कारणं मात्र रांग लावून येत होती. आई ऐंशीची, तिला कशाला आता धक्का. धाकटा सावरलाय, कशाला खपली काढायची. सांगून लायसन्स परत मिळणार आहे का, पाय परत येणार आहे का. किती समंजस माणूस होता तो, स्वतःच्या सोयीचं असलं की! चौथ्या दिवशी दाढी करताना त्याला वाटलं, एक गोष्ट मात्र परत देता येईल. धाकटा खरं बोलला होता, हे धाकट्याला परत देता येईल. तेवढं तरी त्याचं त्याला मिळू दे. मग माझ्या तोंडावर थुंकला तरी चालेल. खरं तर थुंकलाच पाहिजे. हा विचार करताना त्याला बऱ्याच वर्षांनी भावाबद्दल माया वाटली, आणि त्या मायेत तो दाढीचं रक्त न पुसताच निघाला.

ड्रायव्हिंग स्कूलचा सराव एका बंद कारखान्याच्या पार्किंगमध्ये चालायचा. सिमेंटला भेगा, भेगांतून गवत, आणि मध्ये नारिंगी शंकूंची वेडीवाकडी रांग. एक जाडजूड बाई गाडीतून उतरून धाकट्याला मनापासून धन्यवाद देत होत्या, बहुधा जीव वाचल्याबद्दल. धाकट्याने भावाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "दादा? आई बरी आहे ना?" "बरी आहे. सहज आलो." "तू? सहज?" तो हसला. "ये, बस. पुढच्या बाई यायला दहा मिनिटं आहेत." मोकळी होती ती शिकणाऱ्याची सीट. मास्तर स्टिअरिंगमागे बसला, आणि नुसतं बसणं अवघड वाटलं म्हणून गाडी चालू केली. "आरसा," धाकटा सवयीने म्हणाला. मास्तरने आरसा पाहिला. गाडी शंकूंच्या कडेकडेने पंधराच्या वेगाने निघाली, आणि समोर बघत, वळणं घेत, त्याने सांगायला सुरुवात केली. दंतवैद्य, लॅब, दोन काटे. झडप. पाझर. सांगता सांगता त्याला स्वतःचा आवाज फळ्यासमोरचा वाटला, म्हणून तो थांबला आणि एका दमात म्हणाला, "तू खरं बोलत होतास. काटा हलला नव्हता. तो हलूच शकत नव्हता. मला तेव्हा तपासता आलं असतं, मी मुद्दाम तपासलं नाही. घाबरलो. आणि तुला खोटं पाडलं."

धाकट्याने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, मास्तरची छाती स्टिअरिंगला लागली. मास्तरने खिशातून थर्मोस्टॅट काढून दोघांच्या मध्ये ठेवला. धाकट्याने तो उचलला, झडप अंगठ्याने दाबून बघितली, जुन्या सवयीने वास घेतला आणि परत ठेवला. "म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे काटा नव्वदवरच राहिला असता," तो हळूच म्हणाला. "राहिला असता नाही, राहिलाच होता. तू सांगितलंस तसा." "पण तो नव्वदवर नव्हता ना, दादा."

मास्तरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. धाकटा समोरच्या काचेतून गवताकडे बघत होता, आणि त्याचा आवाज शिकाऊ माणसाला धीर देतानाचा होता. "एकशे चाळीसवर होता. लाल पट्टीच्या आत. मी बघितला, आणि म्हटलं, तीनच फेऱ्या राहिल्यात, निघेल. मला अजून दिसतो तो काटा. पहिली दोन वर्षं तर रोज दिसायचा." "अरे, पण तू समितीला..." "खोटं बोललो. घाबरलो होतो मीपण. तुझ्यापुढे कबूल करायची हिंमत नव्हती, गाडी तू इतक्या मेहनतीने बांधलेली. पण तुला कळलंच की. त्या खोलीत एकट्या तुला कळलं. तू ते बोललास ना, की याने काटा पाहिलाच नाही, तेव्हा आधी राग आला. मग घरी जाऊन विचार केला, पुन्हा पुन्हा सगळं डोळ्यांपुढे आणलं, आणि हळूहळू सगळं स्पष्ट आठवायला लागलं. चष्मेवाल्याला मी हॉस्पिटलात जाऊन सांगितलं, काटा लाल पट्टीत गेला होता, मी थांबलो नाही. तो रडला आणि मीही रडलो. दर शनिवारी जातो त्याच्याकडे, बुद्धिबळ खेळतो. इथं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगतो. माझ्याकडचा एकही माणूस मीटरकडे न बघता गाडी चालवत नाही, दादा. एवढं एक काम तरी झालं माझ्या हातून."

मास्तरच्या डोळ्यांपुढे त्या गाडीचा मीटर आला. तो मीटर पाण्याच्या एका जुन्या डिझेल पंपावरचा होता, त्याने स्वतः काढून बसवला होता. त्याची तबकडी पांढरी होती, आकडे काळे होते, आणि ते एकशे वीसला संपत होते. एकशे चाळीस हा आकडा त्या तबकडीवर नव्हता. लाल पट्टी तर कधी नव्हतीच. हे जगात आता एकट्या त्याला माहीत होतं, आणि एवढं एक वाक्य बोललं की पुरे होतं. पुढे धाकट्याच्या चौदा वर्षांचं काय होईल, शनिवारांचं काय होईल, हे त्याचं तो बघेल, पण त्याने पाहिलेलं त्याला परत मिळेल. मास्तरने तोंड उघडलं. धाकट्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू उगाच मनाला लावून घेतोयस. त्या दंतवैद्याचा बिघाड वेगळा. माझ्या गाडीत तुझं काम चोख होतं. चुकलो मी."

आणि मास्तरला हायसं वाटलं. पोटातून वाटलं, उन्हातून आल्यावर गार पाणी प्यायल्यासारखं. त्याने ते अडवायचा प्रयत्न केला, खरंच केला, पण ते आलं आणि सगळ्या अंगात पसरलं. उघडलेल्या तोंडाचं काहीतरी करायला हवं होतं म्हणून तो म्हणाला, "बरं." फाटकाशी एक मुलगी पर्स सावरत उभी होती, पुढच्या बाई त्याच असाव्यात. "उतर आता," धाकटा म्हणाला, "आणि हे घेऊन जा तुझं," आणि थर्मोस्टॅट त्याच्या हातावर ठेवला. "रविवारी येतोस ना?" मास्तरने विचारलं. "येतो की. आईला सांग." तो उतरला, दार लावलं, आणि भेगाळलेल्या सिमेंटवरून फाटकाकडे चालायला लागला. मागे धाकटा त्या मुलीला सांगत होता, आधी नीट बसा, घाई नाही, गाडी चालू करण्यापूर्वी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, माझ्या हातून काय झालं होतं ते. पुढचं ऐकू येऊ नये म्हणून मास्तर भरभर चालत सुटला.